वरंधा, आंबेनळी आणि रात्रीची जागा

१९८०च्या दशकात पुण्यातून एकट्याने सायकलवर कोकणात उतरायचं, तर त्याला मोहीम वगैरे कुणी म्हणत नसे. सायकल घरात असायचीच. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. वाड्याच्या बोळात, जिन्याखाली, चाळीच्या गॅलरीत दांड्याच्या काळ्या सायकली उभ्या असत आणि कारखान्यातल्या कामगारापासून कॉलेजातल्या प्राध्यापकापर्यंत सगळे त्यांवरून कामाला जात. निघायच्या आदल्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या दुकानात टाकायची, ओव्हरऑइलिंग करून घ्यायचं, दोन्ही चाकांचा आउट काढून घ्यायचा, ब्रेकला नवी रबरं घालायची. दुकानदार विचारायचा, ‘‘कुठं दौरा?’’ महाड म्हटलं की तो मागच्या चाकाच्या तारा पुन्हा एकदा बोटाने तपासायचा आणि त्याचे पैसे लावायचा नाही.

माझा आवडता फेरा ठरलेला. कात्रजच्या जुन्या बोगद्यातून कापूरहोळ, तिथून भोर, वरंधा घाटाने महाड, मग पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पसरणीने वाईत उतरायचं आणि खंबाटकी ओलांडून परत. १९८७च्या डिसेंबरात हा रस्ता पहिल्यांदा सायकलवर केला. गेल्या डिसेंबरात, नोकरीतून मोकळा झाल्यावर, तोच रस्ता त्याच दिशेने पुन्हा एकट्याने केला. मधल्या काळात या घाटांतून मोटारीने अनेकदा गेलो, पण मोटारीतून घाटाचं फारसं काही कळत नाही. चढ कळत नाही, वास कळत नाही, माणसं तर मुळीच कळत नाहीत. जे बदललंय ते सायकलवरूनच नीट दिसलं.

आधी सामानाचं सांगतो, कारण त्यातला फरक सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चांगला आहे. तेव्हा कॅरिअरला घोंगडी, तिच्या आत सतरंजी, वरून दव पडलं तर पांघरायला प्लॅस्टिकचा कागद, आणि हे सगळं सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळलेलं. हँडलला खाकी पिशवी. तिच्यात पाना, टायर उचकटायला दोन जुने चमचे, सोल्युशनची ट्यूब, पॉलिश पेपर, ठिगळांसाठी कापलेले रबराचे तुकडे, वॉल ट्यूबचा वीतभर तुकडा. हवा भरायचा पंप दांड्याला लावलेला. पाण्याची बाटली जुन्या बाजारातून आणलेली, लष्करी, वर लोकरी कापड चढवलेली. कापड ओलं केलं की दुपारपर्यंत पाणी गार राहायचं. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि आईने बळेच दिलेली भाजणीची पुडी. उजेडासाठी डायनमो. तो मागच्या टायरला घासून फिरायचा, म्हणजे चढाला, जिथे उजेडाची सर्वांत जास्त गरज, तिथे दिवा मंद व्हायचा आणि थांबलं की विझायचा.

आता मागच्या चाकाच्या दोन बाजूंना पाणी न शिरणाऱ्या पिशव्या लागतात. त्यात दीड किलोचा तंबू, मुठीएवढी घडी होणारी हवेची गादी, झोपायची उबदार पिशवी, तळहातावर मावेल असा गॅसचा स्टोव्ह. दिवा चार्ज होतो आणि अंधारातला खड्डा तीस मीटरवरून दाखवतो. टायरच्या आत सीलंट असतं, बाभळीचा काटा घुसला तरी भोक आपलं आपण बुजतं. हे सगळं मला मनापासून आवडतं. जुन्या सामानाच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्यांतला मी नाही. डिसेंबरच्या पहाटे हिर्डोशीच्या खोऱ्यात घोंगडीखाली ज्याने दात वाजवत रात्र काढलीय, तो उबदार पिशवीला नावं ठेवणार नाही.

पण त्या रात्रीचंच मला सांगायचं आहे.

भोर सोडलं की रस्ता नीरेच्या काठाने पश्चिमेला सरकतो. हा हिरडस मावळ. डाव्या-उजव्या हाताला डोंगर हळूहळू जवळ येतात आणि खोरं निमुळतं होत जातं. शिरगावाजवळ नीरेचा उगम, त्याच्या पुढे घाटमाथा. १९८७ साली हे खोरं भातशेतीचं होतं. भात कापून झालेला, खाचरं मोकळी, खळ्यांवर पेंढ्यांच्या गंज्या, आणि नदीला घोट्याएवढं पाणी. मी संध्याकाळी एका गावाशी पोचलो तेव्हा उजेड जवळपास संपला होता. चावडीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने हाक मारली, ‘‘आता अंधारात कुठं निघालात पावनं? पुढं घाट हाय. हितंच पडा.’’ कुठं पडू, हे विचारायची गरजच नव्हती. मारुतीच्या देवळाला पुढे मोठी ओसरी होती. तिच्यावर मुक्कामाच्या एसटीचे ड्रायव्हर आणि कंडक्टर आधीच वळकट्या पसरून बसले होते. त्यांनी सरकून मला जागा करून दिली.

थोड्या वेळाने एक पोरगा कंदील घेऊन आला. ‘‘आजीनं बोलावलंय.’’ तिघेही गेलो. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर आंबेमोहोराचा वाफाळता भात. चुलीपुढे बसूनच आजीने चौकशी केली, ‘‘कुणाचा रं तू? कंच्या गावचा? आई हाय का? मग तिनं एकल्याला कसं सोडलं?’’ पैसे द्यायचा विषय मी काढला नाही, कारण ड्रायव्हरदादांनी आधीच बजावलं होतं की तिथे पैसे काढलेस तर ती पुन्हा कुणाला जेवायला बोलावणार नाही. सकाळी पोलीस पाटील येऊन नाव-गाव विचारून गेले. कागद कुठलाच मागितला नाही. तेवढीच काय ती नोंद.

ते गाव आज पाण्याखाली आहे. नीरा-देवघर धरण झालं आणि खोऱ्याचा तळ जलाशयात गेला. खाचरं, खळी, ते देऊळ, ती चूल, सगळं. माणसं उठली. कुणी लाभक्षेत्रात जमिनी मिळाल्या तिकडे गेली, कुणी पुण्यात हमाली-रखवालीला लागली, कुणी वरच्या अंगाला सरकून घरं बांधली. रस्ता आता पाण्याच्या काठाने वर चढून वळणं घेत जातो. डिसेंबरात जलाशय निळाशार असतो आणि आजूबाजूचे डोंगर त्यात उलटे दिसतात. तिथे थांबून फोटो काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. जागा खरोखर सुंदर आहे. मीही थांबलो. पण माझी नजर पाण्याच्या मध्यावर, जिथे ती ओसरी असावी असं वाटत होतं तिथे, बराच वेळ खिळून राहिली. या पाण्यावर खालच्या दुष्काळी तालुक्यांतली शेतं भिजावीत म्हणून एका खोऱ्याने आपली घरं दिली, ही गोष्ट जलाशयाच्या काठावर कुठेतरी लिहिलेली हवी. मला ती कुठे दिसली नाही.

आता मुक्काम. पाठीशी तंबू होता, म्हणजे मी कुणाचा मिंधा नव्हतो. पाण्याकाठी चांगली सपाट जागा दिसली. तिला तारेचं कुंपण. पुढच्या जागेला फाटक आणि ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी. त्यापुढे एका उतारावर ओळीने रंगीत तंबू, दिव्यांच्या माळा आणि दोन मोठे स्पीकर. शनिवार होता. गाणी डोंगरावर आपटून परत येत होती. मी आणखी पुढे गेलो. एका मोकळ्या पडीक तुकड्याशी सायकल टेकवली, तोच एक तरुण मोटरसायकलवरून आला. अदबीने म्हणाला, ‘‘काका, इथं तंबू नका टाकू. मालक पुण्याला असतात, कॅमेऱ्यात त्यांना दिसतं, मग मला फोन येतो.’’ मी देवळाचं विचारलं. ‘‘देवळाला कुलूप असतं. चोरी झाल्यापासून रात्री उघडत नाही.’’ शाळा? ‘‘शाळेला विचारावं लागेल. मागे कुणीतरी बाटल्या फोडून गेले, पोरांच्या पायाला काचा लागल्या. तेव्हापासून सरपंच नाही म्हणतात.’’

त्या मुलाचं एकही वाक्य मला चूक वाटलं नाही. गावाने दारं लावून घेतली ती गावाचा स्वभाव पालटला म्हणून नव्हे. बाहेरून येणाऱ्यांचं रूप बदललं. पूर्वी त्या रस्त्याने अंधार पडताना जो यायचा तो दमलेला असायचा. आता जो येतो तो बहुधा मजा करायला आलेला असतो. दोघांना वेगळं ओळखायची सोय गावाकडे नाही. अखेर त्या मुलानेच त्याच्या चुलत्याच्या घरी खोली दिली. चारशे रुपये, गरम पाणी, आधार कार्डाचा फोटो. जेवण उत्तम होतं आणि जेवण वाढणाऱ्या ताईंनी दोनदा विचारून तूप वाढलं. पण तंबू त्या रात्री पिशवीतच राहिला.

या प्रवासातून मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. तेव्हा माझ्याजवळ सामान नव्हतं, पण आडवं व्हायला जागा सगळीकडे होती. आता सायकलवर अख्खं घर बांधलेलं आहे आणि ते मांडायला हातभर जमीन शोधावी लागते.

वरंध्याच्या माथ्यावर सकाळी पोचलो. या घाटाचा रस्ता कावळ्या किल्ल्याच्या अंगातूनच काढलेला आहे. किल्ल्याचे दोन तुकडे करून मधून गाड्या जातात. वाघजाईचं देऊळ, तिथली भज्यांची टपरी, खडकातली पाण्याची टाकी आणि समोर शिवथरच्या बाजूची खोल दरी. हे दृश्य जसंच्या तसं आहे. भजीही तशीच, कांद्याची, कढईतून थेट कागदावर. माकडं मात्र फार वाढली आहेत आणि धीट झाली आहेत. माझ्या हँडलवरची केळी त्यांनी उघडउघड, माझ्या डोळ्यांदेखत नेली. लोक गाडीची काच खाली करून त्यांना वेफर्स देतात, त्याचा हा परिणाम. कृपा करून देऊ नका. रस्त्यावर खायला मिळतं म्हणून ती रस्त्यावर येतात आणि चाकाखाली सापडतात.

इथून खाली कोकण. जुन्या सायकलला सळईचे ब्रेक होते. हँडलखालचा दट्ट्या दाबला की सळया ओढल्या जायच्या आणि रबरं रिमला आतून चिकटायची. भरल्या सायकलने लांब उतार घेतला की रबरांचा जळका वास सुटायचा, रिम हात लावू देत नसे. दर दोन वळणांनंतर थांबायचं, रिमवर पाणी शिंपडायचं, पुढे जायचं. टपरीवाल्या मामांनी मला तेव्हा एक युक्ती शिकवली. वाळलेली जाड फांदी कॅरिअरला दोराने बांधून मागे फरफटत न्यायची, म्हणजे वेग आपोआप आवरतो. मी तशीच फांदी ओढत माझेरीपर्यंत उतरलो. समोरून महाड-भोर एसटी आली तर ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन मला वाट दिली. एसटीच्या ड्रायव्हरांनी घाटात सायकलवाल्याला दिलेला तो मान मी विसरणार नाही. रिम वाकली, टायर फाटलं, तर तीच एसटी आधार होती. मागच्या शिडीने सायकल टपावर चढवायची, सामानाचं तिकीट काढायचं, भोरला किंवा महाडला उतरायचं. आताच्या गाड्यांना टपावर ती सोय दिसत नाही आणि सायकल आत घ्यायला कंडक्टर तयार नसतो. त्याचाही इलाज नसतो म्हणा.

आता डिस्क ब्रेक आहेत. एका बोटाने सायकल थांबते. पण उताराचा आनंद जेवढा वाढला तेवढीच धास्तीही. घाटात रुंदीकरणाची, भिंती बांधायची कामं निघतात, रस्ता कुठे काँक्रीटचा, कुठे खडीचा, आणि वळणावर उलट्या बाजूने अंगावर येणारी मोटार. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बंद ठेवावा लागतो, जड वाहनांना तर वारंवार मनाई होते. खाली उतरताना डोंगरांवर जागोजाग तांबडे ओरखडे दिसतात. २२ जुलै २०२१ला याच परिसरात, महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. त्याच पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. मी ज्या डोंगरांकडे विशीत नुसता कौतुकाने पाहत होतो, त्यांच्याकडे आता पाहताना आधी पायथ्याची घरं दिसतात.

महाडात चवदार तळ्यावर थांबलो, तेव्हाही आणि आताही. २० मार्च १९२७ला जिथे पाण्याचा हक्क घेतला गेला, तिथे तहानलेल्या माणसाने थांबल्यावाचून पुढे जाऊ नये. महाडहून पोलादपूरकडे निघालं की सावित्रीवर इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल होता. १९८७ला त्यावरून निवांत, मध्ये थांबून नदी बघत गेलो होतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री तो पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या सावित्रीत गेल्या. काम सुरू झाल्यावर नवा पूल सहा महिन्यांच्या आत उभा राहिला. त्यावरून जाताना मध्ये थांबायला जागा नाही. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाल्यावर सायकलवाल्याचं एकच काम उरतं, कडेची पांढरी रेघ धरून राहायचं. तो भाग मी मान खाली घालून संपवला.

आणि मग आंबेनळी.

पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. मधलं अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. जुन्या सायकलचं गणित इथे कळतं. पुढचं चक्र ४४ दात्यांचं, मागचं फ्रीव्हील १८चं, चाक २८ इंची. पायडलचा एक फेरा झाला की सायकल सव्वापाच मीटरच्या पुढे जायची. सपाटीला हे छान, पण घाटात तो एक फेरा मांडीला पेलत नाही. दोनचार वळणं उभं राहून रेटायची आणि उतरून ढकलायला लागायचं. आताच्या माझ्या सायकलला सर्वांत हलक्या गिअरला पुढे २८ दाते आणि मागे ३४. एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर सरकते. तोच डोंगर तिसऱ्या हिश्श्याएवढे घास करून चढायचा. म्हणून आज साठीच्या घरात मी आंबेनळी बसून चढलो. विशीत जे जमलं नव्हतं ते जमलं, याचा मला निखळ अभिमान वाटतो. आणि ज्या कुणी हे गिअर घडवले त्यांच्याबद्दल कृतज्ञताही.

पण ढकलत चढण्यातही एक गोष्ट होती. ढकलणाऱ्याचा वेग चालणाऱ्याएवढा असतो आणि तेव्हा घाटातून चालणारी माणसं पुष्कळ होती. मोळी घेऊन चाललेल्या बायका, शेळ्यांमागचा धनगर, प्रतापगडावर दह्या-ताकाची गाडगी नेणाऱ्या मावश्या. त्यांच्याबरोबर आपोआप चाललं जायचं. एका मावशीने तेव्हा मला घाटातला झरा दाखवला, रस्त्यापासून चार हात आत, कारवीच्या आड. रस्त्याने जाणाऱ्याला तो दिसत नाही. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि त्या वर्षी मध चांगला होतो, हेही तिनेच सांगितलं. ही माहिती मला नंतर पुस्तकांत मिळाली, पण पहिल्यांदा मिळाली ती डोक्यावर मोळी असलेल्या बाईकडून, चढावर, दोघांचाही श्वास लागलेला असताना. गेल्या डिसेंबरात अख्ख्या घाटात पायी जाणारा एकही माणूस मला भेटला नाही. मोळीची जागा गॅसने घेतली आणि ताकाची माणसं जीपने वर जातात. हे चांगलंच झालं. कुणाच्या डोक्यावर मोळी असावी अशी इच्छा मी धरणार नाही. झरा शोधला. सापडला. त्याच्याभोवती बाटल्या आणि कागदी डिश होत्या. पाणी वाहत होतं. पिशवी काढून जेवढं उचलता आलं तेवढं उचललं.

पायी माणूस नाही भेटला, पण सायकलवर एक मुलगी भेटली. सांगलीहून निघालेली, एकटी, हरिहरेश्वरला समुद्र बघून परत चाललेली. माझ्यासारख्याच पिशव्या, हेल्मेटच्या आत ओढणी घट्ट बांधलेली. आम्ही कुंभरोशीपर्यंत मागेपुढे होतो. १९८७ला या घाटात एकटी मुलगी सायकलवर दिसणं मला कल्पनेतही सुचलं नसतं आणि माझ्या बहिणीने विचारलं असतं तर घरात काय झालं असतं हे मला ठाऊक आहे. तिला विचारलं, भीती? म्हणाली, ‘‘घाटाची नाही वाटत काका. रात्री कुठं थांबायचं ते आधी ठरवून निघते, तेवढंच.’’ म्हणजे प्रश्न तिचाही तोच होता, आणि तिच्यासाठी तो माझ्यापेक्षा कितीतरी अवघड.

सायकलवर लांब जायची आपली परंपरा जुनी आहे. १९२३च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे ७० हजारांहून जास्त किलोमीटर करून १९२८मध्ये घरी परतले. त्यांच्या सायकली माझ्या दांड्याच्या सायकलपेक्षा काही फार वेगळ्या नव्हत्या. आणि २०१८मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने, अवघ्या विसाव्या वर्षी, सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत एकटीने पुरी केली. त्या सांगलीच्या मुलीला हे नाव माहीत होतं. तिच्या खोलीत वेदांगीचा फोटो आहे म्हणाली. माझ्या पिढीतल्या मुलींना असा फोटो लावायला मिळाला नाही. ‘तेव्हा सगळं चांगलं होतं’ असं म्हणणाऱ्याला मी ही एक गोष्ट ऐकवतो आणि मग तो गप्प राहतो.

त्या रात्री मी पारला तंबू टाकला. प्रतापगडाच्या पायथ्याचं हे गाव, कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल अजून उभा. गावातल्या एका शेतकऱ्याने, बोलणं झाल्यावर, स्वतःच्या खळ्याशेजारी जागा दाखवली. कार्डाचा फोटो त्याने घेतला, पण मग चहाही दिला आणि रात्री नऊला बॅटरी घेऊन बघून गेला, ‘‘थंडी लागत न्हाई ना?’’ तंबूत झोपायला मला नेहमीच आवडलंय, पण त्या रात्रीचा तंबू विशेष आवडला, कारण तो कुणीतरी ‘टाका’ म्हटल्यावर टाकलेला होता. पहाटे अंगावर दव नव्हतं, पाठ दुखत नव्हती, आणि पुलाखालून कोयना वाहत होती.

पुढचं थोडक्यात. महाबळेश्वरात मोटारींची रांग वेण्णा तलावाच्या पुढेपर्यंत होती आणि त्या रांगेत सायकल सगळ्यांच्या पुढे गेली. पसरणी उतरून वाईत ढोल्या गणपतीला नमस्कार केला. तिथून महामार्गाने पुणं. पूर्वी शिरवळच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याला वडाची झाडं होती, सावलीत सायकल लावून तासभर डुलकी काढायचो. आता तिथे सहा लेन आहेत आणि सावली उड्डाणपुलाखाली मिळते.

ॲटलस या सायकल कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२०ला, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला, तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं. १९८७च्या फेऱ्यातली माझी दांड्याची सायकल वडिलांची, ॲटलसच होती. पण सायकल संपलेली नाही. कात्रजच्या जुन्या घाटात रविवारी पहाटे जाऊन बघा, पन्नाशीचे पुरुष, साठीच्या बायका, शाळकरी मुलं दिसतील. त्यांतले पुष्कळ घाट ओलांडून पुढे जायला तयार आहेत. त्यांना अडवतो तो चढ नव्हे. रस्त्यावर कडेला जागा नाही आणि रात्री थांबायला ठिकाण नाही, या दोन गोष्टी त्यांना कात्रजवरूनच परत फिरवतात.

म्हणून दोन मागण्या. वरंधा, आंबेनळी आणि त्यांच्यासारखे घाट रुंद होत आहेत तोवरच, चढाच्या बाजूला एक मीटर पक्की, सलग साइडपट्टी आखून ठेवा. रुंदीकरण झाल्यावर ती कधीच मिळणार नाही. आणि घाटाच्या वर-खाली असलेल्या ग्रामपंचायतींनी शाळेचं किंवा समाजमंदिराचं आवार पायी आणि सायकलवर येणाऱ्यांना एका रात्रीसाठी पावती फाडून द्यावं. ओळखपत्र पाहा, शंभर रुपये घ्या, दारू आणि स्पीकरला सक्त मनाई करा, सकाळी जागा झाडून द्यायला लावा. मोटारीतून येणाऱ्याला ही जागा देऊ नका. एका गावाने सुरुवात केली तर बाकीची करतील. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी मांडावा.